बंद कंपनीच्या आवारात माजलेलं रान: साफ करायचं, मियावाकी करायचं, की तसंच सोडायचं?

प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. चिंचवडकडच्या एका सोसायटीला लागून बंद फाउंड्रीची (धातू ओतायच्या कारखान्याची) साधारण ९ एकर जागा आहे, भट्टी विझून पंचवीसेक वर्षं झाली आणि आता आत एवढी झाडी माजलीये की गच्चीवरून शेडचे पत्रेसुद्धा दिसत नाहीत. मालक म्हणालेत की तीन वर्षं तरी आम्ही काही बांधत नाही, तुम्ही बघणार असाल तर बघा. कमिटीत तीन गट झालेत. एक म्हणतो जेसीबी लावून साफ करा आणि बाग करा, दुसरा म्हणतो मियावाकी (दाटीने रोपं लावून छोटं जंगल करायची जपानी पद्धत) करा, तिसरा म्हणतो अजिबात हात लावू नका, निसर्ग आपलं बघून घेईल. आणि दादा, तुम्ही शेवटी विचारलंय की हे खरंच जंगल म्हणायचं का नुसती माजलेली झुडपं, आणि तिथल्या जुन्या हौदामुळे डेंग्यू होईल का.

मी गेली २२ वर्षं पडीक जागा, सोडलेल्या खाणी, बंद कंपन्यांची आवारं अशा ठिकाणच्या झाडोऱ्याचा सर्व्हे आणि नंतरची देखभाल हेच काम करतेय, त्यातली दोन वर्षं बर्लिनमध्ये होते. माझं मत आधीच सांगते. ते खरं रान आहे, जेसीबी आणू नका, मियावाकी ही चांगली पद्धत आहे पण या जागेसाठी नाही, आणि तिसऱ्या गटाला वाईट वाटेल पण "हात लावू नका" हेही चालणार नाही. अशी जागा एका वेळी एक तुकडा बघून सांभाळावी लागते. कुठला तुकडा रान म्हणून वाढू द्यायचा, कुठला उघडा ठेवायचा हे ठरवायचं आणि मग दरवर्षी थोडंच पण न चुकता काम करायचं.

बर्लिनचं उदाहरण देते कारण तिथे हा सगळा वाद आधीच होऊन गेलाय. शहराच्या दक्षिणेला झ्यूडगेलेंडे म्हणून नेचर पार्क आहे, प्रीस्टरवेग नावाच्या लोकल स्टेशनातून बाहेर पडलं की गेटच समोर. १८ हेक्टर, म्हणजे तुमच्या जागेच्या पाचपट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मालगाड्यांचं मोठं यार्ड झालं, डबे तोडायचे-जोडायचे, इंजिनं गोल फिरणाऱ्या टेबलावर चढवून वळवायची, पाण्याची उंच टाकी, दुरुस्तीची शेड, सगळं. महायुद्धानंतर शहराचे तुकडे झाले पण पश्चिम बर्लिनमधली रेल्वेसुद्धा पूर्व जर्मनीच्या रेल्वेकडेच राहिली, त्या ओढाताणीत १९५२ ला यार्ड बंद पडलं आणि जमीन एकाच्या शहरात, ताबा दुसऱ्याचा म्हटल्यावर कोणालाच तिथे काही करता येईना. त्यात झाडांचं फावलं. रुळांमधल्या खडीत आणि वाळूत आधी गवत आलं, मग बर्च, मग रॉबिनिया. एकही झाड कोणी लावलेलं नव्हतं.

१९८० च्या सुमाराला तिथे परत मालधक्का करायचा घाट घातला गेला तेव्हा आसपासचे लोक उभे राहिले, त्यांनी संघटना केली, आणि नुसत्या घोषणा न देता आत काय काय आहे ते मोजायला लावलं. पश्चिम बर्लिन भिंतीने वेढलेलं, तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना गावाबाहेर पडणंच अवघड, म्हणून हर्बर्ट सुकॉप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शहरातल्या पडक्या जागा, रेल्वेच्या कडा, बॉम्बने उद्ध्वस्त झालेले प्लॉट यांचा जगात कुठे झाला नव्हता एवढा बारीक अभ्यास केला होता, त्याचा इथे उपयोग झाला. झ्यूडगेलेंडेत ३६६ जातींची फुलझाडं आणि नेचे मिळाले, रानटी मधमाश्यांच्या ९५ जाती मिळाल्या. १९९९ मध्ये जागेला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि २००० साली पार्क लोकांसाठी उघडला. म्हणजे मालधक्का अडवल्यापासून वीस वर्षं गेली, हे पण लक्षात ठेवा.

आता तिसऱ्या गटासाठी महत्त्वाचा आकडा. १९८१ मध्ये त्या जागेचा ३७ टक्के भाग झाडांखाली होता, १९९१ मध्ये ७० टक्के. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! ऐकायला छान वाटतं, पण त्यातल्या दुर्मिळ मधमाश्या, नाकतोडे, छोटी फुलझाडं ही दाट सावलीतली नव्हतीच, ती उघड्या, उन्हाने तापणाऱ्या, निकस वाळूतल्या गवताळ तुकड्यातली होती. बऱ्याच रानटी मधमाश्या जमिनीत बीळ करतात, त्यांना मोकळी ऊन खाणारी माती लागते. सगळं तसंच सोडलं असतं तर ज्याच्यासाठी भांडले तेच झाडांच्या सावलीत संपलं असतं. म्हणून तिथले परिसरशास्त्रज्ञ इंगो कोवारिक आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी जागेचे तीन प्रकार केले: काही उघडी मैदानं, ती कापून किंवा मेंढ्या चारून उघडीच ठेवायची, काही विरळ राया, जिथून आरपार दिसतं, आणि काही भाग खरं रान, तिथे पडलेलं झाडसुद्धा उचलायचं नाही. कोवारिक अशा निसर्गाला चौथ्या प्रकारचा निसर्ग म्हणतात. पहिला म्हणजे मूळचं जंगल, दुसरा शेतीकुरणांचा, तिसरा बागांचा, आणि चौथा हा, कारखाने आणि शहरं सोडून गेली तिथे आपलं आपण उगवलेला. कमिटीत "हे खरं जंगल का" विचारणाऱ्यांना एवढं सांगा की ते पहिल्या प्रकारचं नाही, ताम्हिणीच्या जंगलाशी त्याची तुलना करू नका, पण लावलेल्या बागेपेक्षा ते वेगळं आहे कारण तिथे काय जगणार ते त्या जागेनेच ठरवलंय.

तिथली मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी जुनं काही पुसलं नाही. रुळांच्या ओळीच पायवाटा झाल्यात, फिरतं टेबल जागेवर आहे, साधारण ५० मीटर उंच पाण्याची टाकी झाडांच्या वर डोकं काढून उभी आहे. जिथे जपायची जमीन आहे तिथे लोखंडी जाळीची वाट जमिनीपासून थोडी उचलून नेलीये, माणूस वरून चालतो आणि खालचं गवत तसंच राहतं. मी एक बर्च बघितला होता, अगदी रुळाला टेकून वाढलेला. बुंधा फुगत फुगत रुळावर आलाय आणि पांढऱ्या सालीची ओठासारखी जाड घडी लोखंडाच्या वर चढलीये, हात लावला की एका बोटाला साल आणि दुसऱ्याला गंज लागतो. मी तिथे पाऊण तास बसले होते आणि घरी फोन करून आईला सांगत होते की आपल्याकडे पिंपळ भिंतीला धरतो ना, तसंच आहे.

पण नक्कल करू नका. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं, झाड वाढतं त्यांच्यापेक्षा वेगाने, उन्हाळ्यात वणवा लागतो, आणि साप. आणखी एक, लोक महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं उदाहरण देतात, धारावी-माहीमजवळ मिठी नदीच्या काठी ३७ एकर, आधी तिथे कचऱ्याचं डंपिंग होतं आणि १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. गुरुग्रामचं अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क पण आहे, तिथे आधी खाणकाम होतं. दोन्ही फार मोलाची कामं आहेत पण तिथे झाडं माणसांनी लावली, जमीन उघडी बोडकी होती म्हणून लावावी लागली. तुमच्याकडे झाडं आहेतच. उघड्या जागेचा उपाय भरलेल्या जागेवर लावायचा नाही, माझा मियावाकीला विरोध आहे तो एवढ्यासाठीच. त्या पद्धतीत जमीन खोल उकरतात, खत-भुसा मिसळतात आणि एका चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. अकिरा मियावाकींची मूळ कल्पना त्या भागात नैसर्गिकरीत्या कुठलं जंगल आलं असतं ते शोधून लावण्याची होती, आपल्याकडे बऱ्याचदा तेवढं वगळून फक्त गर्दी करतात. आणि फाउंड्रीच्या आवारात उकरणं ही सगळ्यात मोठी चूक ठरू शकते, ते का ते आता सांगते.

जमिनीखाली काय आहे हे कळल्याशिवाय एक फावडंसुद्धा मारू नका. हिरवं दिसतंय म्हणजे स्वच्छ आहे असं नसतं. भोपाळचं बघा, युनियन कार्बाइडच्या आवारात १९८४ नंतर झाडंझुडपं उगवून रान झालं, तरी माती आणि आसपासच्या भूजलात पारा आणि क्लोरीनयुक्त रसायनं सापडलीच, आणि आत पडून राहिलेला साधारण ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडला. तुमची फाउंड्री म्हणजे भोपाळ नाही, घाबरवत नाहीये, पण नियम तोच.

फाउंड्रीत कुठे काय असतं ते सांगते. साच्याची वापरलेली काळी वाळू बहुतेक ठिकाणी मागच्या भिंतीकडे टाकायचे, नुसत्या माती-कोळशाची वाळू फार त्रास देत नाही पण रेझिनने (रासायनिक डिंकाने) बांधलेली असेल तर तपासावी लागते. स्लॅगचे ढीग असतात, काचेसारखे चमकणारे जड दगड, ते ओळखता येतात. पितळ किंवा ब्राँझचं काम होत असेल तर शिसं आणि जस्त, पेंट शॉप असेल तर शिसं-क्रोमियम, प्लेटिंग असेल तर क्रोमियम-निकेल आणि ते मात्र गंभीर. ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याजवळ जुनं तेल सांडलेलं असतं, डिझेलच्या टाकीखाली डिझेल. हे सगळं कुठे होतं ते सांगणारी माणसं अजून आहेत, निवृत्त कामगार शोधा, चिंचवड-निगडीत प्रत्येक चाळीत एक तरी सापडेल. मी एका जागी असं केलं होतं, सत्तरीच्या एका मोल्डर (साचे करणाऱ्या) काकांना घेऊन आत गेलो, ते काठीने झुडपं बाजूला करत चालत होते आणि न थांबता सांगत होते की इथे कोअर शॉप, इथे आमचं पिण्याच्या पाण्याचं मडकं, इथे मागच्या बाजूला ॲसिडचं टाकं, तिकडे जाऊ नका. कुठल्याच नकाशात ते टाकं नव्हतं. त्यांच्या बोटाने आम्ही नमुने कुठून घ्यायचे ते ठरवलं. मालकांकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची जुनी फाइल असेल तर तीही मागा, त्यात घातक कचऱ्याचे प्रकार लिहिलेले असतात.

मातीचे नमुने वरच्या १५ सेंटिमीटरमधून वेगळे आणि ३० ते ६० सेंटिमीटर खोलीतून वेगळे घ्यायचे. भट्टी, पेंट शॉप, ट्रान्सफॉर्मर, वाळूचा ढीग, आणि तुलनेसाठी चढाकडचा एखादा कोपरा जिथे काहीच झालं नाही. बोअर असेल तर पाणी पण. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब बघा आणि धातू, तेल, ट्रान्सफॉर्मरपाशी पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं विषारी रसायन) असं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर ते शेतीची माती तपासतात तसं नत्र-स्फुरद-पालाश तपासून रिपोर्ट हातात देतात, माझ्या बाबतीत झालंय. रिपोर्ट येईपर्यंत आतली फळं, शेवग्याच्या शेंगा, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी, काही खायचं नाही आणि कापलेलं गवत गोठ्यात द्यायचं नाही. छताचे सिमेंटचे जुने पत्रे ॲसबेस्टॉसचे धरूनच चाला, फोडायचे नाहीत, पडलेले ओढायचे नाहीत. कुठे वाईट सापडलंच तर तो तुकडा कुंपण घालून बंद, तिथे झाडं मुळांनी माती धरून बसलीयेत ते उत्तमच आहे, धूळ उडत नाही. पुढचं काम जागामालक आणि मंडळ यांचं, २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियमही काढलेत, सोसायटीने ते अंगावर घेऊ नये.

आत काही जागा उघड्या बोडक्या दिसतील, काहीच उगवत नाही अशा. लगेच विष समजू नका. पहार घ्या आणि ठोका. टणकन आवाज आला, हाताला झिणझिण्या आल्या तर खाली काँक्रीट आहे, पहार आत गेली आणि तरीही तिथे गवताची काडी नाही तर मात्र नमुना घ्या.

आता झाडं. आत गेल्यावर झाडं कशी उभी आहेत ते वाचायचं, त्यात सगळा इतिहास असतो. सरळ ओळीत मोठी झाडं दिसली, काशीद, सोनमोहर, निलगिरी, पर्जन्यवृक्ष, ती कंपनीने रस्त्याकडेला लावलेली. भिंतीच्या सांध्यात, गटाराच्या तोंडाशी, क्रेनच्या खांबाच्या डोक्यावर पिंपळ आणि उंबर, ते तांबट-बुलबुल आणि वटवाघळांनी आणलेले. एका बाजूला आंबा, सीताफळ, शेवगा, पपई एकत्र गर्दीने दिसले की समजायचं इथे कॅन्टीन होतं किंवा कामगार डबे खायला बसायचे. बोरी-बाभळी म्हणजे कंपनी यायच्या आधीचं माळरान अजून जिवंत आहे, त्यांना कुणाचाही हात लागू देऊ नका. भोकर, वावळ, हेंकळ, पळस आपले आपण आलेले दिसले तर मला फोटो पाठवा, ते दिसले म्हणजे रान पुढच्या पायरीवर चाललंय.

बहुतेक जागा मात्र सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, घाणेरी आणि पावसाळ्यात गाजरगवत-कॉसमॉस अशी असेल, आणि इथे लोक दोन टोकांना जातात. बर्लिनमधला रॉबिनिया उत्तर अमेरिकेतून आणलेला, आपली सुबाभूळ मध्य अमेरिकेतली, चारा-जळणासाठी सत्तर-ऐंशीच्या दशकात जिकडेतिकडे लावलेली. दोन्ही शेंगवाली झाडं, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणणारी, म्हणूनच निकस भरावावर पहिली येतात. काम त्यांनी मोठं केलंय, सावली केली, पाचोळा केला, माती तयार केली. पण सुबाभळीखाली वाकून बघा. हाताच्या पंजाएवढ्या जागेत वीस-पंचवीस पिल्लं उभी असतात, सगळी तिचीच, दुसऱ्या कुणाला जागाच नाही. त्या पिल्लांचा बंदोबस्त करायचा, आईचा नाही. मोठी सुबाभूळ तोडली की बुंध्यातून दहा फुटवे येतात आणि वरून ऊन पडल्यावर जमिनीतलं वर्षानुवर्षं पडून असलेलं बी एकदम उठतं. त्यापेक्षा जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर माती मऊ असताना पिल्लं हाताने उपटायची, शनिवार-रविवार लहान मुलांसकट सगळे आले तर अर्धा एकर होतो (मातीचा रिपोर्ट स्वच्छ असेल तरच, आणि हातमोजे घालून), आणि शेंगा वाळायच्या आधी हाताला येतील तेवढ्या फांद्या छाटायच्या. वरची सावली तशीच ठेवून खाली करंज, वावळ, भोकर, बहावा वर यायला वाट द्यायची. पाच-सात वर्षं लागतात.

घाणेरीच्या बाबतीत मी स्वतः चूक केलीये ती सांगते. पुण्याजवळच्या एका टेकडीच्या पायथ्याला आम्ही एका उन्हाळ्यात चार एकरांवरची सगळी घाणेरी काढली, फार स्वच्छ दिसलं, सगळे खूश. पुढच्या पावसात तिथे कमरेएवढं गाजरगवत आणि कॉसमॉस, आणि सातभाईंचे तीन थवे होते ते गेले, भारद्वाज दिसेना, मुंगूस दिसेना. घाणेरी परकी खरी, पण त्या वेळी त्या जागी काट्याकुट्याचा आडोसा एवढाच होता. मला अजून त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून मी एका वर्षात एक पंचमांशापेक्षा जास्त काढत नाही आणि जिथून काढली तिथे त्याच पावसात देशी झुडूप किंवा गवत आणल्याशिवाय पुढच्या तुकड्याला हात लावत नाही. काढायची पद्धत पण आहे, नुसती कापली तर परत दुप्पट येते. जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं, झुडूप उचलून तिथेच उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे फांद्या टेकून परत रुजत नाहीत. जमीनही फारशी उकरली जात नाही.

आणि एक तुकडा उघडा ठेवा. हे कमिटीला पटवणं सगळ्यात अवघड जाईल कारण मोकळी जागा दिसली की कुणीतरी रोपं घेऊन येतंच, वाढदिवसाचं झाड, आजोबांच्या स्मरणार्थ झाड. पण जुन्या काँक्रीटच्या कडेला, मुरमाड भागात जिथे कुसळी गवत, रुई, एकदांडी आहे तिथे झाड लावू नका. रुईच्या पानामागे बघा, काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेले सुरवंट असतात, प्लेन टायगर फुलपाखराचे, त्यांना रुई किंवा तिच्या कुळातलंच झाड लागतं. तो तुकडा वर्षातून एकदाच कापायचा, गवताचं बी झडल्यावर, साधारण डिसेंबरात, आणि कापलेलं उचलून बाहेर न्यायचं, तिथेच कुजू दिलं तर जमीन सुपीक होते आणि मग परत झाडोरा चढतो. झ्यूडगेलेंडेतही उघडी मैदानं दरवर्षी राखावी लागतात. त्याच वेळी सोसायटीच्या भिंतीला लागून चार-पाच मीटरची जाळरेषा काढून घ्या, गवत कापून पूर्ण साफ पट्टा, कारण मार्च-एप्रिलमध्ये एक विडी पुरते.

पिंपळ-उंबरांचं: जी भिंत ठेवायची आहे तिच्यातला पिंपळ बोटाएवढा असतानाच मुळासकट काढा, मनगटाएवढा झाला की भिंत त्याची झाली. जी भिंत नाहीतरी पडणार आहे तिथे पिंपळ राहू द्या आणि भिंतीपासून लांब दोर बांधा.

माणसांचं पण बघायला हवं, नाहीतर पहिल्या चोरीनंतर किंवा साप निघाल्यावर सगळे म्हणतील जेसीबी आणा. लोकांना झाडांची भीती नसते, आरपार दिसत नाही त्याची असते, बायकांना तर जास्तच, मी एकटी सर्व्हे करते त्यामुळे मला माहितीये. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोन मीटर गुडघ्याच्या वर काही ठेवू नका, बुंधे मोकळे, नजर लांब जाईल असं, आणि त्याच्यामागे खुशाल दाट. वाट जुन्या कारखान्याच्या रस्त्यावरूनच काढा, नवी नको, खाली काँक्रीट असतं, चिखल होत नाही आणि मुळांना धक्का लागत नाही. त्याआधी सगळे खड्डे, चेंबर, टाकी शोधून झाकणं बसवा, भट्टीखालचे खड्डे पाचोळ्याने भरून जमिनीसारखे दिसतात आणि तोच खरा धोका आहे, साप नाही. सर्पमित्राचा नंबर गेटवर लावा, बूट घालून जा, संध्याकाळनंतर बंद. कुंपणाला भोक ठेवू नका, एक भोक असलं की एका महिन्यात राडारोड्याचे दहा ट्रक आत.

जागेचं खरं बोलायचं तर तीन वर्षांचं तोंडी आश्वासन म्हणजे काहीच नाही, किमान कागदावर घ्या. आपोआप आलेल्या झाडालाही १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे, रस्त्याकडेचे मोठे पर्जन्यवृक्ष त्यात बसू शकतात. म्हणून पहिल्याच वर्षी घेर आणि फोटोसकट यादी करून ठेवा. पण तेवढ्याने जागा वाचत नाही, पुढेमागे आय टू आर (औद्योगिक जमीन निवासी) करून टॉवर येणार हे धरून चाला. तेव्हा मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते आणि बिल्डर ती नेहमी उरलेल्या वेड्यावाकड्या कोपऱ्यात सोडतो. तुमच्याकडे तीन वर्षांच्या नोंदी असतील, कुठे बोरी-बाभळी, कुठे सातभाईंचा मुक्काम, कुठे भोकराची पिल्लं, तर ती मोकळी जागा त्याच तुकड्यावर यावी असा मुद्दा नकाशा मंजुरीच्या आधी मालक आणि महापालिकेसमोर मांडता येतो. दुसऱ्या एका जागेत आम्हाला यात सव्वा एकर मिळालं, नऊतलं नाही, अकरातलं. मी तरी त्याला कमी म्हणणार नाही, तिथे आजही कोकीळ ओरडतो आणि खाली मुलं खेळतात.

झाडांच्या बाबतीत पहिलं वर्ष म्हणून फक्त बघा. दर महिन्याला एकाच वाटेने फिरून त्याच पंधरा ठिकाणांहून फोटो काढायचे, पावसाळ्यात दर आठवड्याला. रोप एकही लावायचं नाही.

हौदाचं राहिलं. फोडू नका. वापरात नसलेल्या हौदात बेडूक, चतुर आणि त्यांची पिल्लं असली तर तीच डासांच्या अळ्या खातात, पाण्यात वाकून पाच मिनिटं बघा, वळवळणाऱ्या अळ्या खूप दिसल्या तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडून गप्पी मासे मिळतात ते सोडा, पण हौद गटाराला जोडलेला नाही ना ते बघून. डेंग्यूचा डास हौदातल्या साठलेल्या पाण्यातही होतो म्हणून हौदावर नजर ठेवाच, पण तो पडलेल्या डब्यात, फुटक्या टायरमध्ये, पत्र्याच्या वाकलेल्या घडीत साठलेल्या ओंजळभर पाण्यातही होतो, आणि ओल्या फाउंड्रीच्या आवारात अशा ओंजळी शेकड्याने असतात. तेव्हा मे महिन्यात एक पूर्ण दिवस फक्त डबे आणि टायर बाहेर काढायला ठेवा, आत जाऊन पहिलं काम तेच करा.